उजवीकडून दीड बोट

१२ जानेवारी, सोमवार

ही वही ह्यांच्या कपाटात कोरी पडली होती. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली तरी मी त्या कपाटातलं काही हलवलेलं नाही. आज हिला हात लावला, त्याला कारण एक फोन.

सकाळी भांडी घासून हात पुसत होते. फोनवर एक मुलगी होती, चॅनेलच्या जुन्या संग्रहातून बोलते म्हणाली. येत्या वीस मार्चला चॅनेलला पन्नास वर्षं होतात. या पन्नास वर्षांत पडद्यावर जी जी चिन्हं आली आणि जी जी धून वाजली, त्या सगळ्यांचं प्रदर्शन मांडायचं आहे. पण पहिल्या वीस वर्षांचं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. फिती महाग असायच्या म्हणून जुन्यावरच नवं छापत गेले, आणि रंगवलेले पुठ्ठे गोदामात कसरीनं खाल्ले. ह्यांचं काही घरी आहे का, असं तिला विचारायचं होतं.

मी म्हटलं, ह्यांनी घरी काही आणलं नाही. ऑफिसची टाचणी खिशात सापडली तरी दुसऱ्या दिवशी परत नेऊन देत.

ती हिरमुसली. फोन ठेवता ठेवता मी म्हटलं, माझ्या वह्या आहेत.

"कसल्या वह्या, काकू?"

"रोज काय दिसलं त्याच्या."

तिनं पत्ता दोनदा विचारून लिहून घेतला. गुरुवारी येते म्हणाली.

१५ जानेवारी, गुरुवार

मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसली. धाकट्या दिरांना माळ्यावरची ट्रंक काढायला बोलावलं होतं. सत्तरीत आहेत, तरी शिडी दिसली की वय विसरतात. ट्रंक खाली ठेवताना म्हणाले, वहिनींचा खजिना. उघडल्यावर नुसत्या वह्या बघून त्यांचं तोंड पडलं. मुलीचं मात्र उजळलं.

एकतीस वह्या आहेत, वर्षाला एक. तिला समजावून सांगितलं तेच इथे लिहून ठेवते. हे चॅनेलवर चित्रकार होते. बातम्यांच्या पाट्या, कार्यक्रमांची नावं, हवामानाचा नकाशा, सगळं हातानं रंगवायचे. चॅनेलचं चिन्ह, म्हणजे तो शिंपला, तोही त्यांचाच. पण चॅनेल चालू असताना हे केंद्रात, त्यामुळे आपलं काम घरी कसं दिसतं हे त्यांना कधीच बघायला मिळायचं नाही. तिथल्या टीव्हीवर सगळंच देखणं दिसतं म्हणायचे. म्हणून पहिल्या दिवशीच मला सांगितलं, तू घरी बघ आणि लिहून ठेव. छान आहे, वाईट आहे, ते लिहू नकोस. दिसलं ते लिही. मग रोज घरात आले की बूट काढायच्या आधी विचारायचे, "काय दिसलं?" मला एकदा राग आला होता. म्हटलं, बाकीचे नवरे निदान जेवलीस का विचारतात.

मुलीनं पहिली वही उघडली. "६.०० – शिंपला आला. नऊ रेघा, फार झाल्या. कंगव्यासारखा दिसतो. ६.०१ – धून संपेना. दूध उतू गेलं." ती खूप हसली. मग पुढची पानं चाळली आणि आठ दिवसांनंतरची नोंद काढून मला दाखवली. "६.०० – शिंपला आला. पाच रेघा. आता शिंपलाच दिसतो."

"काकू, नऊच्या पाच रेघा तुमच्यामुळे झाल्या."

मी म्हटलं, छे, ह्यांच्या मनात आधीच असणार.

 ती फोटो काढत राहिली.

२१ जानेवारी, बुधवार

मुलगी आता एक दिवसाआड येते. आज तिनं शिंपला फिरायला कधी लागला ते विचारलं. तिसऱ्या वहीत आहे.

ह्यांनी प्लास्टरचा शिंपला केला होता, आमच्या न्हाणीघरात. दोन दिवस आम्ही शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होतो. ग्रामोफोनच्या तबकडीवर ठेवून तो फिरवायचा आणि समोर कॅमेरा लावायचा, असा बेत होता. पण सगळ्यात हळू वेगसुद्धा जास्त झाला. वहीत आहे: "शिंपला गरगरतो. बघून चक्कर येते." मग ह्यांनी तबकडीची मोटर काढली, टेबलाखाली उताणे झोपले आणि खालून एका बोटानं तबकडी फिरवली. धुनेचे पाच सूर वाजेपर्यंत बरोबर एक फेरा. दिवसभरात कितीतरी वेळा काढलं, तेव्हा एकदा जमलं. पुढे सात वर्षं रोज संध्याकाळी सहाला जो शिंपला फिरायचा, तो ह्यांच्या बोटानं फिरायचा, आणि हे कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण चौथ्या सुराला तो केसभर अडायचा. तिथे बोट घसरलं होतं. मी तेही लिहिलं होतं. पुन्हा काढू का, असं त्यांनी विचारलं. मीच नको म्हटलं.

धून आधी चौदा सुरांची होती. आमच्या उतू गेलेल्या दुधाची गोष्ट ह्यांनी ती बांधणाऱ्या बासरीवाल्यांना सांगितली. ते रागावून घरी आले आणि मला म्हणाले, वहिनी, दूध मंद आचेवर ठेवा, माझी धून का कापता. मग इथेच सतरंजीवर बसून दोघांनी एकेक सूर काढून टाकला. पाच राहिले तेव्हा बासरीवाल्यांनी डोळे मिटून ते पुन्हा पुन्हा वाजवले. पुढे म्हातारपणी सांगायचे की नऊ सूर टाकले तेव्हा कुठे धून सापडली. ती अजून तीच आहे. नंतर कुणी ती की-बोर्डवर वाजवली, कुणी पन्नास व्हायोलिनांवर, कुणी नुसती गुणगुणली. पण त्या पाच सुरांना कुणी हात लावला नाही. एवढी माणसं आली आणि गेली, प्रत्येकाला आपलं काही करून दाखवायचं असणार. तरी कुणी लावला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

२९ जानेवारी, गुरुवार

वाचनालयातून समुद्रातल्या जिवांवरचं एक जाड पुस्तक आणलंय. ग्रंथपालबाई माझ्यासाठी जाडच बाजूला ठेवतात, म्हणतात तुम्हाला बारीक पुरत नाही. त्यांना काय माहीत, माझी शाळा चौथीत सुटली. लग्न झालं तेव्हा मी ओळीखाली बोट ठेवून वाचायची. हे घरी जुन्या वर्तमानपत्रावर अक्षरं घोटायचे आणि पाटी माझ्यासमोर धरायचे. तुला झटकन वाचता आलं तर सगळ्यांना येईल, म्हणायचे. मी अडखळले की अक्षर पुन्हा काढायचे. माझं वाचन असं सुधारलं. चूक माझी असायची, सुधारायचे ते अक्षराला.

पुस्तकात लिहिलंय की शिंपल्यावरची प्रत्येक रेघ म्हणजे त्याच्या वाढीची खूण. जुनी रेघ पुसत नाही, नवी तिच्या बाहेर येते. हे ह्यांना सांगायला हवं होतं. असं अजून दिवसातून दोन-तीनदा होतं. पूर्वी दहा-बारादा व्हायचं.

मुलीला आज रंगाची वही हवी होती. रंग आला तेव्हा ह्यांनी निळ्यावर केशरी शिंपला काढला. केंद्रात सगळे खूश. आमच्याकडे काळा-पांढरा टीव्ही. "शिंपला बुडाला. नुसतं करडं पाणी." आठवड्यात त्याला पांढरी कड आली.

मग कॉम्प्युटरचे दिवस. काचेसारखा चमकणारा शिंपला लांबून उडत यायचा. तो ह्यांच्या हाताखालच्या मुलानं केला होता. मला वाटलं ह्यांना लागेल. पण हे पन्नाशी उलटल्यावर त्या मुलाशेजारी स्टूल घेऊन माउस धरायला शिकले. मला उडवता येत नाही, त्याला येतं, म्हणाले. निवृत्तीनंतर एका नव्या बाईनं शिंपला एकाच रेषेत काढला. हात न उचलता काढल्यासारखा. हे टीव्हीसमोर उभे राहून बघत राहिले. म्हणाले, मी नवावरून पाचावर आलो, हिनं एकावर आणलं. शाब्बास.

ती रेषावाली अजून तिथेच आहे, आणि पन्नासाव्या वर्षाचं नवं चिन्हही तीच करते आहे. मुलगी म्हणाली, एकदा या आणि भेटा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

केंद्रात गेले. ह्यांच्या निवृत्तीच्या दिवसानंतर पहिल्यांदा. जिन्याचा कठडा तोच आहे.

लांब व्हरांड्यात प्रदर्शनाच्या भिंती लावताहेत. रेषावाली भेटली. चाळिशीची असेल. केसात पेन्सिल खोचलेली, आणि ती शोधत होती. मी दाखवल्यावर म्हणाली, काकू, तुमची नजर. मग मला एका भिंतीपाशी नेलं. वर ह्यांचं नाव, माझ्या पंज्याएवढ्या अक्षरांत. खाली लिहिलं होतं की सतराव्या वर्षी पडद्याच्या कोपऱ्यात कायमचं चिन्ह ठेवायचं ठरलं, तेव्हा बाकी सगळ्या चॅनेलांनी ते अगदी कोपऱ्याला चिकटवलं. एकट्या ह्यांनी ते उजव्या कडेपासून दीड बोट आत ठेवलं. त्यामुळे आपलं चिन्ह मोकळा श्वास घेतं. हीच या थोर कलाकाराची दूरदृष्टी, आणि पुढच्या प्रत्येक कलाकारानं ती पाळली.

थोर कलाकार. ह्यांना आयुष्यभर केंद्रात पाटीवाले म्हणत. मी ते तीनदा वाचलं, बोट न ठेवता.

शेजारी त्याच काळातला एक मोठा फोटो होता. बातम्या देणारी बाई, वर आमचा शिंपला, आणि त्याच्याही पलीकडे, अगदी उजव्या कडेला, एक गोल घड्याळ.

मी मुलीला विचारलं, हे घड्याळ फोटोपुरतं ठेवलंय का.

ती म्हणाली, नाही काकू, बारा वर्षं रोज होतं. आमच्या बातम्यांची ओळखच होती ती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बारा वर्षं मी रोज बातम्या पाहिल्या. घड्याळ नव्हतं.

८ फेब्रुवारी, रविवार

सतरावी वही काढली. मनात जी भीती होती तीच खरी निघाली. "कोपऱ्यात चिन्ह आलं. अर्धा शिंपला कापला जातो. उजवीकडून दीड बोट आत पाहिजे." तीन दिवसांनी: "चिन्ह पूर्ण दिसतं."

म्हणजे दोष आमच्या टीव्हीत होता. नुकताच घेतलेला रंगीत टीव्ही. तो उजवीकडचं चित्र खात होता. घड्याळ खाल्लं, अर्धा शिंपला खाल्ला, आणि मी शहाणीनं ह्यांना सांगितलं, आत घ्या. आठवतं की त्या आठवड्यात केंद्रात वाद झाला होता. इंजिनियर म्हणाले, एवढं आत कशाला. वरिष्ठ ओरडले. ह्यांनी सगळं अंगावर घेतलं, माझं नाव काढलं नाही. आता ते दूरदृष्टी म्हणून भिंतीवर लागलंय, आणि आहे ती माझी चूक. तेहेतीस वर्षं अख्खं चॅनेल ती चूक नेमानं पाळतंय.

मुलीला सगळ्या वह्या काचेच्या पेटीत ठेवायच्या आहेत. उद्घाटनाला लोक येतील, कुणीतरी हे पान वाचेल. लोक हसतील की एका बाईच्या बिघडलेल्या टीव्हीवरून थोर कलाकार चिन्ह ठरवायचा. एकदाच नाव मोठ्या अक्षरांत लागलंय. तेही माझ्या हातून पुसलं जायचं का?

पान निघतं का ते पाहिलं. वही शिवणीची आहे. एक पान काढलं की जोडीचं पानही सुटतं. जोडीचं पान वाचलं: "लेकीला ताप. हे रजा घेऊन घरी. आज काही पाहिलं नाही." एकतीस वर्षांत एवढा एकच दिवस मी काही पाहिलं नव्हतं.

वही मिटली.

११ फेब्रुवारी, बुधवार

काल रात्री लेकीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, फाडू नकोस आणि देऊही नकोस. सतरावी सापडत नाही म्हणून सांग. बाबांचं नाव राहील आणि तुझीही झोप." सोपं होतं. मला रात्रभर पटलेलं होतं. सकाळी दात घासताना पटेनासं झालं. ह्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, दिसलं ते लिही. मी लिहिलं होतं. आता ते दिसू नये म्हणून लपवायचं?

पण भिंतीवरचं नावही डोळ्यासमोरून हलत नाही. आज मुलगी येणार होती, मला बरं नाही असं तिला कळवलं. ते अगदी खोटंही नव्हतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आधी दोष खरंच टीव्हीत होता का, याची खात्री करायचं ठरवलं. तो टीव्ही माळ्यावरच होता. दिरांनी उतरवला आणि त्यांच्या मित्राच्या गाडीतून आम्ही तो आमच्या जुन्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो आता म्हातारा झालाय, दुकानात सगळे मोबाइल. पण टीव्ही बघून त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले. मागची पाटी उघडून धूळ फुंकली, वायरी जोडल्या. दीर म्हणाले, आता हा फुटेल. टीव्ही फुटला नाही. तपासणीचं निळसर चौकटींचं चित्र उमटलं आणि त्यानं लगेच मान हलवली.

"ह्याचं चित्र उजवीकडे सरकलेलं आहे, वहिनी. तुम्ही घेतला त्याच महिन्यात मी बघितलं होतं. आवाजासाठी घरी आलो होतो ना तेव्हा."

"मग तेव्हाच नीट का नाही केलंत?"

"स्क्रूड्रायव्हर लावलाही होता. दोन फेऱ्यांचं काम. साहेबांनी माझा हात धरला." तो हातातलं फडकं घडी करत राहिला. "म्हणाले, राहू दे. तू ह्या एका घरचं चित्र सरळ करशील. बाकीच्यांच्या घरी कोण जाणार?"

मग त्यानं सांगितलं की त्या काळी दहा टीव्ही उघडले तर तीन-चारांचं चित्र असंच सरकलेलं असायचं. कुणी तक्रार करत नसे. जे दिसतच नाही ते गेलं हे कळणार कसं?

मी विचारलं, ह्यांनी मला का नाही सांगितलं?

तो जरा लाजला. "ते म्हणाले, घरात बोलू नकोस. तिला कळलं तर कापलेला भाग ती मनानं भरून काढेल. मग मला खरं सांगणारं कुणी उरणार नाही."

दिरांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज ह्यांच्या फोटोपुढे उभी राहून भांडले. बारा वर्षं. बारा वर्षं मला अपुरं चित्र दाखवलंत. एका मालिकेत एक नोकर होता, कायम उजवीकडे उभा. मला वाटायचं बिचाऱ्याला एकच हात आहे. मी त्याच्यासाठी हळहळायची, शेजारणीला सांगायची की बघा, एका हातानं किती काम करतो. ती माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायची ते आता समजलं. ह्यांनी तेव्हा ते ऐकलं होतं, आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. हसत असणार.

भांडून झाल्यावर बरं वाटलं. दोन वर्षांत भांडणच झालं नव्हतं.

नंतर विचार केला. ह्यांना माहीत होतं. चूक नव्हती. केंद्रातला उत्तम टीव्ही सोडून त्यांनी आमचा वाकडा टीव्ही खरा मानला, कारण लोकांकडे तसलेच होते. हजारो घरांची काळजी केली. केवढा मोठा विचार. एक मात्र कळत नाही. केंद्रात शिकलेले इंजिनियर होते, यंत्रं होती. ती सोडून चौथी शिकलेल्या बाईच्या डोळ्यांवर एवढा भरवसा ह्यांनी का ठेवला असेल? सवय झाली असावी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

एकतीसच्या एकतीस वह्या केंद्रात नेऊन दिल्या. सतरावी वर ठेवली. मुलीला आणि रेषावालीला पान उघडून दाखवलं आणि दुरुस्तीवाला काय म्हणाला तेही शब्दन् शब्द सांगितलं, त्या एकहाती नोकराची गोष्टसुद्धा. मी म्हटलं, भिंतीवर श्वासबीस लिहिलंय ते ह्यांच्या मनात नव्हतं. शिंपला कापला जाऊ नये एवढंच होतं. आता नाव लहान करायचं तर करा, पण खरं ते लिहा.

रेषावाली पान वाचून खालीच बसली. तिनं कॉलेजात असताना ह्या दीड बोटावर चाळीस पानांचा निबंध लिहिला होता. त्यातलंच वाक्य भिंतीवर आलं होतं.

मी विचारलं, "मग चुकला का निबंध?"

"नाही, काकू. त्यात एक माणूस कमी होतं."

मुलगी म्हणाली, भिंतीवर तुमचंही नाव घालू. मी स्पष्ट नको सांगितलं. मी काय केलं? नुसती बघत होते.

६ मार्च, शुक्रवार

रेषावाली नवं चिन्ह घेऊन घरी आली. केंद्रात सगळ्यांनी नावाजलंय म्हणाली, म्हणूनच भीती वाटते. नव्यात तिनं शिंपल्याला पुन्हा पाच रेघा दिल्यात, तिसरी वही वाचून सहाच्या धुनेला तो हातानं फिरवायचंही ठरवलंय, आणि पडद्यावरचं त्याचं कायमचं ठिकाण अगदी कोपऱ्यात नेलंय. आता कुठलाच टीव्ही चित्र कापत नाही, मग आत कशाला ठेवायचं, असं तिचं म्हणणं. बरोबर होतं. आमच्या आताच्या पातळ टीव्हीवर कडेपर्यंत सगळं स्वच्छ दिसलं. मी वहीत तसं लिहिलं.

मग दिरांना बोलावलं, कारण ते टीव्ही बघतच नाहीत, सगळं फोनवर. फोन आडवा धरून बसले. मी बाजूनं बघत होते.

"काय दिसलं, काकू?"

"अंगठा," मी म्हटलं.

फोन आडवा धरला की दिरांचा उजवा अंगठा नेमका त्या कोपऱ्यावर येतो. शिंपला त्याखाली पार गेला होता. दीर म्हणाले, माझा अंगठा जरा जाड आहे. रेषावालीनं केसातली पेन्सिल काढून त्यांचा अंगठा मोजला, मग आपला, मग माझा.  मग माझ्याकडून वही मागून घेतली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: "उजवीकडून दीड बोट आत."

जाताना दारात थांबून तिनं विचारलं, वीस तारखेला सहा वाजता नवं चिन्ह लागेल तेव्हा आम्ही सगळे केंद्राच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यासमोर असू. घरी कोण बघणार?

२० मार्च, शुक्रवार

दुपारी उद्घाटनाला गेले. लेक आली होती, दीर नवा सदरा घालून आले होते. सतरावी वही काचेत उघडून ठेवलीय. लोक वाकून वाचत होते. नोकराच्या एका हाताची गोष्ट मुलीनं छापून टाकलीय, त्यापाशी गर्दी होती. दुरुस्तीवाला आपल्या बायकोला घेऊन आला होता आणि जो भेटेल त्याला दोन फेऱ्यांचा स्क्रू समजावत होता.

ह्यांच्या भिंतीवरचं श्वासाचं वाक्य गेलंय. तिथे दुरुस्तीवाल्यानं सांगितलेलं ह्यांचं बोलणं आहे, बाकीच्यांच्या घरी कोण जाणार. नाव लहान झालेलं नाही. त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत माझं नाव. ह्यांच्या नावाआधी लिहिलंय 'काढणारे', माझ्या नावाआधी 'पाहणारी'. मी नको म्हटलं होतं. लग्नाच्या दाखल्यानंतर आमची नावं अशी खालीवर कधी लागली नव्हती. लेक माझा हात धरून उभी राहिली. दिरांनी फोटो काढला. त्यात उजव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय.

साडेपाचला मी निघाले. मुलगी म्हणाली, काकू, केक कापायचाय, भाषणं आहेत. मी म्हटलं, मला काम आहे.

घरी आले, पाणी प्यायले, वही घेऊन बसले.

५.५८ – टीव्ही लावला. आवाज नेहमीइतका.

६.०० – शिंपला आला. पाच रेघा. पूर्ण दिसतो.

धून. बासरी. पाच सूर. शिंपला एक फेरा फिरतो. चौथ्या सुराला केसभर अडतो.

६.०१ – चिन्ह कोपऱ्यात गेलं. दीड बोट आत. काही कापलं जात नाही.

सहा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. मागे टाळ्यांचा आवाज होता. रेषावाली म्हणाली, "काकू, काय दिसलं?"

मी वहीत पाहून सगळं सांगितलं. मग म्हटलं, "चौथ्या सुराला बोट घसरतंय."

"नीट करू का?"

"राहू दे," मी म्हटलं.